विशेषणे, आकडे आणि एक गुंठा जमीन

(पुस्तक : सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर. लेखक : डेव्हिड जे. सी. मकाय. प्रकाशक : यूआयटी, केंब्रिज, २००९.)

शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना पुढील दृश्य ओळखीचे वाटेल. दर चार-पाच टेबलांमागे एक सौर चूल, एक पुठ्ठ्याची पवनचक्की किंवा गोबर गॅसची प्रतिकृती असते. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : 'सौरऊर्जा – अक्षय, अमर्याद, मोफत.' आपण विचारतो, "अशी एक खरी पवनचक्की उभी केली तर तुमच्या गावातल्या किती घरांना वीज पुरेल?" विद्यार्थी शिक्षकांकडे पाहतो आणि शिक्षक तक्त्याकडे पाहतात.

यात त्या दोघांनाही दोष देता येणार नाही. ऊर्जेचा धडा आपण वर्षानुवर्षे असाच शिकवत आलो आहोत. पारंपरिक ऊर्जास्रोत कोणते, अपारंपरिक कोणते, प्रत्येकाचे तीन फायदे, तीन तोटे. कोळसा 'संपणारा', सूर्य 'न संपणारा'. ही सगळी विशेषणे खरी आहेत, पण 'किती?' या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. आणि जीवाश्म इंधनांवरचे अवलंबन कमी करायचे, तर पहिला प्रश्न हाच आहे.

हा प्रश्न पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न सोडणारे एक पुस्तक म्हणजे केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मकाय यांचे सुमारे पावणेचारशे पानांचे हे लेखन. नावातली 'गरम हवा' म्हणजे पोकळ बडबड. मकाय (१९६७–२०१६) हे मूळचे माहितीशास्त्राचे अभ्यासक. २००९ ते २०१४ या काळात ते ब्रिटनच्या ऊर्जा व हवामानबदल खात्याचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार होते. आपले हे पुस्तक त्यांनी संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पुस्तक आता जुने झाले आहे, लेखकही हयात नाहीत. तरीही शिक्षकांनी ते का वाचावे, आणि वाचताना कोठे सावध राहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

एकच माप

पुस्तकाचे पहिले मोठे काम म्हणजे त्यांनी निवडलेले एकक. ऊर्जेच्या चर्चेत कोणी दशलक्ष टन तेल म्हणतो, कोणी मेगावॉट, कोणी ज्यूल. त्यामुळे दोन गोष्टींची तुलनाच होत नाही. मकाय सर्व काही एकाच मापात आणतात : दर माणशी दररोज किती किलोवॉट-तास. हा किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे 'युनिट'. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी तो महिन्यातून एकदा येतोच.

किलोवॉट आणि युनिट यांतला गोंधळ आपल्याकडे फार आहे. वर्तमानपत्रांत 'किलोवॉट प्रतितास' असे सर्रास छापून येते. किलोवॉट ही नळाची धार आणि युनिट हे बादलीत साठलेले पाणी, एवढे जरी वर्गात पक्के झाले तरी निम्मे काम झाले. या फरकाचे महत्त्व पाहायचे तर ताजे उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. बातमी खरी होती. पण ही तुलना धारेची होती. बादलीत, म्हणजे वर्षभरात प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या युनिटांत, २०२४ साली सुमारे तीन-चतुर्थांश वाटा कोळशाचाच होता. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही आणि कोळशाचे केंद्र देऊ शकते, म्हणून दोघांच्या एका मेगावॉटमागे मिळणारी युनिटे वेगवेगळी. ही दोन वाक्ये कळलेला विद्यार्थी अशी बातमी वाचून उगाच हुरळणार नाही आणि ती खोटी आहे असेही म्हणणार नाही.

दोन थप्प्या

एकक ठरल्यावर मकाय दोन थप्प्या रचत जातात. लाल थप्पी वापराची, हिरवी निर्मितीची. एका प्रकरणात वापर, पुढच्यात निर्मिती, असा क्रम आहे, आणि त्यामुळे वाचकाची उत्सुकता टिकते.

लाल थप्पीतला पहिला ठोकळा मोटारगाडीचा. दिवसाला ५० किलोमीटर, लिटरमागे १२ किलोमीटर, लिटरभर इंधनात सुमारे १० युनिटे ऊर्जा. म्हणजे दिवसाला ४० युनिटे. हिरव्या थप्पीतला पहिला ठोकळा वाऱ्याचा. ब्रिटनच्या वाऱ्यात पवनचक्क्यांच्या शेतातून दर चौरस मीटरला सरासरी २ वॉट मिळतात. देशात माणशी ४००० चौरस मीटर जमीन आहे. तिच्या दहाव्या हिश्शावर पवनचक्क्या उभारल्या तर माणशी दिवसाला २० युनिटे. म्हणजे देशाचा दहावा भाग पवनचक्क्यांनी भरूनही गाडीची निम्मीच गरज भागते! असे एकेक ठोकळे चढत लाल थप्पी १९५ पर्यंत जाते आणि हिरवी १८० च्या आसपास थांबते. हिरवी थप्पीसुद्धा कागदावरची. 'आमच्या डोंगरावर नको', 'समुद्रात नको', 'फार महाग' असे आक्षेप एकेक करून मान्य केले, की ती १८ युनिटांवर येते.

मोबाईलच्या चार्जरचे उदाहरण तर वर्गात सांगण्यासारखेच आहे. रिकामा चार्जर दिवसभर प्लगमध्ये राहिला तर जाणारी ऊर्जा ही गाडी जेमतेम एक सेकंद चालवण्याइतकी. चार्जर काढावा, जरूर काढावा. पण तेवढे करून आपण पृथ्वी वाचवली असे समजून गाडीची किल्ली उचलू नये. आपल्या शाळांतल्या 'ऊर्जा वाचवा' सप्ताहाच्या घोषणा या कसोटीवर तपासून पाहाव्यात.

पुस्तकाचा उत्तरार्ध उपायांचा आहे. विजेवरची वाहने, उष्मापंप आणि चांगले उष्णतारोधन यांनी वापर सुमारे ७० युनिटांवर आणायचा आणि तो भागवायच्या पाच वेगवेगळ्या योजना मांडायच्या. अणुऊर्जा हवी किंवा नको, पवनचक्क्या हव्यात किंवा नकोत, हे ज्याने त्याने ठरवावे. अट एकच, बेरीज जुळली पाहिजे. तिसऱ्या भागातली गणिते अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज पेलतील. गाडीची ऊर्जा ब्रेकमध्ये किती जाते आणि हवा ढवळण्यात किती, हे गतिज ऊर्जेच्या एका सूत्रावरून काढून दाखवले आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना त्यातून वर्षभराची उदाहरणे मिळतील.

माझी चूक

आता पुस्तकाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि सुरुवात स्वतःपासून करतो. २०१२ साली शिक्षकांच्या एका शिबिरात मला ऊर्जेवर बोलायला बोलावले होते. हे पुस्तक नुकतेच वाचून झाले होते आणि मी भारावलेला होतो. दोन थप्प्या फळ्यावर काढल्या आणि ठासून सांगितले की, सूर्य-वाऱ्यावर देश चालणे अशक्य आहे, आकडेच तसे सांगतात. व्याख्यान रंगले. शेवटी मागच्या रांगेतून एक वयस्कर गुरुजी उठले आणि म्हणाले, "सर, हिशोब समजला. पण यात ऊन कुठलं धरलंय?"

मी ऊन केंब्रिजचे धरले होते. ज्या ठिकाणी आम्ही बसलो होतो तेथे बाहेर एप्रिलचे ऊन होते.

या पुस्तकाच्या बाबतीत होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. मकाय यांची रीत उचलायची सोडून लोक त्यांचा निष्कर्ष उचलतात. तोही पहिल्या भागाचा. शंभरेक पाने वाचून 'होणार नाही' असे म्हणणारे बरेच भेटतात. 'कसे होईल' हे सांगणारी पुढची पाने त्यांनी उघडलेली नसतात. लेखकाचाही यात थोडा वाटा आहे असे मला वाटते. लाल थप्पीत तो पेट्रोलमधली रासायनिक ऊर्जा आणि हिरव्या थप्पीत पवनचक्कीची वीज एकाच पट्टीने मोजतो. पण पेट्रोलच्या ऊर्जेचा मोठा भाग गाडीच्या इंजिनात उष्णता होऊन वाया जातो. तेच ५० किलोमीटर विजेच्या गाडीने कापले तर ४० ऐवजी आठ-दहा युनिटांत भागते. म्हणजे लाल थप्पीची उंची ही गरजेची नसून आजच्या यंत्रांची आहे. हे मकाय यांना पूर्ण ठाऊक आहे, उत्तरार्ध त्यावरच उभा आहे. पण वाचकाच्या डोळ्यांसमोर राहतात त्या पहिल्या दोन थप्प्या.

दुसरी मर्यादा काळाची. पुस्तकात भौतिकशास्त्र पुढे आहे, किमती मागे. शेतांवर पसरलेल्या सौर पॅनेलांचा ठोकळा आक्षेपांच्या फेरीत 'फार महाग' म्हणून गळतो. २००८ साली ते योग्यच होते. २०१० च्या अखेरीस आपल्याकडे राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या फेरीतल्या निविदा युनिटला अकरा-बारा रुपयांच्या घरात होत्या. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला येथील लिलावात हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला. सात वर्षांत असे होईल असे गृहीत धरणारे तेव्हा थोडे होते. ब्रिटनमध्येही, पुस्तक लिहिले जात असताना सुमारे एक-तृतीयांश वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. निसर्गाच्या मर्यादा न बदलणाऱ्या असतात, किमतींच्या मर्यादा बदलतात. पुस्तक वाचताना या दोन प्रकारच्या मर्यादा वेगळ्या ठेवाव्यात.

आपला हिशोब, आपल्या मापात

तर आता मकाय यांच्याच रीतीने आपले ऊन धरून हिशोब करू.

भाडला येथील सौर उद्यान २२४५ मेगावॉटचे असून ते सुमारे ५७ चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. राजस्थानात एक किलोवॉट पॅनेलमागे दिवसाला सरासरी ५ युनिटे धरू. भागाकार केला की दर चौरस मीटरला सरासरी ८ वॉट मिळतात. रात्र, ढग, पॅनेलमधली मोकळी जागा सर्व धरून. मकाय यांनी जर्मनीतल्या बव्हेरियातील सौर उद्यानासाठी काढलेला आकडा ५ आहे.

आता चौरस मीटर सोडून आपल्या सात-बाराच्या मापात येऊ. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. भाडलाच्या दराने एका गुंठ्यातून दिवसाला जवळजवळ २० युनिटे मिळतात. आणि योगायोग असा, की कोळसा, तेल, वायू, वीज सर्व धरून भारतातल्या सरासरी माणसाचा आजचा ऊर्जावापरही दिवसाला सुमारे २० युनिटेच आहे. (यात निव्वळ वीज चारच्या आतबाहेर.) म्हणजे दर माणशी एक गुंठा. भारतात माणशी जमीन सुमारे २३ गुंठे आहे, ब्रिटनमध्ये ४०. पण युरोपातला सरासरी वापर मकाय यांच्या मते १२५ युनिटे, आणि बव्हेरियाच्या दराने त्याला दहा गुंठे लागतील. तिथे चाळीसातले दहा, इथे तेविसातला एक. उद्या आपला वापर वाढून मकाय यांच्या काटकसरीच्या ७० युनिटांवर गेला, तरी साडेतीन गुंठे. महाराष्ट्रातले ऊन राजस्थानाहून थोडे कमी, किलोवॉटमागे चार युनिटे धरा. निष्कर्ष फारसा हलत नाही.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. ते मी त्या दिवशी द्यायला हवे होते.

हिशोबात न मावणारे

पण एवढ्यावर थांबलो तर आपण पुन्हा तक्त्यावरच्या विशेषणांकडे गेलो असे होईल. या रीतीला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला : कधी?

कोयनेचे उदाहरण घेऊ. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने घातलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. हे पाणी सह्याद्रीवरून साधारण ४८० मीटर खाली येते. स्थितिज ऊर्जेचे सूत्र लावले की एका घनमीटरमागे १.३ युनिटे. दहा टक्के ऱ्हास वजा करून आणि पायथ्याच्या कोळकेवाडीची भर घालून वर्षाला सुमारे २७५ कोटी युनिटे होतात. २०११ च्या जनगणनेतल्या ११.२४ कोटी लोकांत वाटली, तर माणशी दिवसाला ०.०७ युनिट. नऊ वॉटचा एक दिवा साडेसात तास!

मकाय यांच्या थप्पीत कोयना दिसणारही नाही इतकी पातळ. मग ती कुचकामी आहे का? मुळीच नाही. संध्याकाळी सात वाजता राज्यभर दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू होतात तेव्हा काही मिनिटांत पूर्ण जोराने चालू होणारे केंद्र लागते. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही आणि सूर्य तर मावळलेला असतो. कोयनेची किंमत तिच्या युनिटांत नसून तिच्या वेळेत आहे. पुस्तकात चढउतार आणि साठवण यांवर एक चांगले प्रकरण आहे, वेल्समधील डिनॉर्विग येथे पाणी वर चढवून साठवण्याच्या प्रकल्पाची माहितीही आहे. पण थप्पी सरासरीची असते आणि सरासरीला घड्याळ नसते. याउलट पाच अश्वशक्तीचा शेतीपंप पाहा. आठ तासांत तो सुमारे ३० युनिटे घेतो, पण ती भर दुपारी मिळाली तर शेतकऱ्याला हवीच आहेत. रात्री साप-विंचवांत पाणी धरायला जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. इथे सूर्याची वेळ आणि माणसाची वेळ जुळते. कोणती कामे दिवसा ढकलता येतील, हा प्रश्न नवीन पॅनेल किती लावायची याइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरा प्रश्न : कोणाचा गुंठा?

माणशी एक गुंठा हे ऐकायला थोडे वाटते. पण १४३ कोटी गुंठे एकत्र केले तर १ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर होतात, महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याला थोडे कमी. 'दर माणशी' या मापाने मोठा आकडा लहान दिसतो. हा त्याचा गुण आहे तसा दोषही. आणि जमीन माणशी वाटलेली नसते. कोणाकडे शंभर एकर, कोणाकडे काहीच नाही. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (दुसऱ्या टप्प्यात) खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरवले गेले. म्हणजे गुंठ्याला साडेबाराशे. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला ते परवडणारे असू शकते. पण जिथे गावाचे गायरान पॅनेलखाली जाते तिथे भाडे कोणाला आणि शेळ्या चारणाऱ्याने जायचे कुठे? कागदोपत्री जिला 'पडीक' म्हणतात त्या माळरानावर गवत असते, लांडगा असतो, कधीकाळी माळढोक असायचा. राजस्थानात वीजवाहिन्यांना धडकून मरणाऱ्या माळढोकांचा प्रश्न २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने आपला आधीचा आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. 'पडीक' हेही शेवटी एक विशेषणच आहे. 'अमर्याद' इतकेच तेही तपासून घ्यायला हवे.

याचा अर्थ कोळसा बरा, असा नाही. कोळशाच्या खाणीखालीही कोणाचे तरी रान आणि गाव गेलेले असते, आणि त्याच्या धुराचा हिशोब आपण सगळेच फेडतो आहोत. मुद्दा एवढाच की बेरीज जुळली म्हणजे न्याय झाला असे नाही. मकाय यांच्या पाच योजनांपैकी कोणतीही निवडा, भौतिकशास्त्र तिला परवानगी देईल. निवड मात्र माणसांनी करायची आहे, आणि ती करताना ज्यांची जमीन जाते ते बैठकीत असले पाहिजेत.

शिक्षकांसाठी

म्हणून माझी सूचना अशी. हे पुस्तक वाचा, पण त्यातले आकडे फळ्यावर उतरवू नका; त्यातली रीत उतरवा. आठवी-नववीच्या वर्गाला घरचे वीजबिल आणायला सांगा आणि माणशी दिवसाची युनिटे काढा. त्यात गॅसचा सिलिंडर मिळवा : एका घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटे ऊर्जा असते. दुचाकीचे पेट्रोल मिळवा. ज्या घरी चूल आहे तिथले सरपण तोला. वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे ४ युनिटे धरा. एसटीने आलेल्या मुलाला आणि गाडीने आलेल्या मुलाला आपापले ठोकळे रचू द्या. दोन थप्प्यांतला फरक कोणाला दाखवून द्यावा लागणार नाही. मात्र त्यावरून कोणाच्या घरची परिस्थिती चर्चेला येणार नाही, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी. नावे न घालता चिठ्ठ्या गोळा केल्या तरी चालेल.

मग गावाचा नकाशा घ्या. शाळेचे छप्पर किती चौरस मीटर, गावठाणाची छपरे किती, गायरान किती, आणि त्यावर आज कोण काय करते, हे मुलांनी फिरून विचारून लिहावे. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागेल, आणि पुस्तकात तो नाही.

पुढच्या वर्षी प्रदर्शनात पवनचक्कीच्या मागच्या तक्त्यावर 'अक्षय, अमर्याद, मोफत' ऐवजी 'आमच्या गावाला रोज इतकी युनिटे लागतात, हिच्यातून इतकी मिळतील, उरलेली कोठून आणायची यावर आमच्यात मतभेद आहेत' असे लिहिलेले असेल, तर तो गट पहिला क्रमांक घेऊन जाईल. निदान मी परीक्षक असलो तर.